तरवारीचे हात आणि त्यांचीं चित्रें

तरवार चालविण्याची विद्या कागदावर उतरते कीं काय, हा प्रश्न संसारी वाचकांस कदाचित् निरर्थक वाटेल. ज्या घरांतून भाजी चिरण्याची विळीसुद्धां हळूहळू माळ्यावर जाऊन बसली, त्या घरांत तरवारीची चर्चा कशास, असें कोणी विचारल्यास आम्ही त्यास दोष देणार नाहीं. परंतु हा प्रश्न तरवारीपुरता नाहीं. स्वयंपाक, गायन, वेदपठण, सुतारकाम, अशी जी जी विद्या हातांत किंवा कंठांत राहते, ती पुस्तकांत कितपत सांठवितां येते, असा तो व्यापक प्रश्न आहे. तरवारीच्या बाबतींत त्याची परीक्षा करण्यास एक चांगलें साधन उपलब्ध आहे. तें म्हणजे लष्करी तरवारबाजी शिकविण्यासाठीं पूर्वीं छापलेलीं चित्रें.

न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत अशा चित्रांचा एक सुंदर संच आहे व संग्रहालयानें तो आतां सर्व जगास पाहावयास खुला केला आहे. आमच्या पुतण्यानें त्यांतील कांहीं चित्रांच्या मोठ्या प्रती काढून आम्हांस पाठविल्या. त्या समोर ठेवूनच आम्ही हें लिहीत आहों. संच 1799 सालचा, लंडनमध्यें प्रसिद्ध झालेला, चोवीस चित्रांचा. हंगेरियन व हायलंड या दोन पद्धतींची तरवारबाजी हा त्याचा विषय. चित्रें काढणारा टॉमस रोलंडसन, आणि त्यास पवित्रे सांगणारा हेन्री अँजेलो. हा अँजेलो म्हणजे लंडनमधील नामांकित वस्ताद घराण्याचा पुरुष. त्याचा पिता डोमेनिको अँजेलो हा इटलींतून येऊन लंडनमध्यें स्थायिक झाला आणि 1763 सालीं त्यानें तरवारबाजीवर 47 चित्रांचा एक भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्समध्यें दिदेरो याच्या सुप्रसिद्ध ज्ञानकोशांत या विषयाचीं चित्रें देण्याची वेळ आली, तेव्हां याच ग्रंथांतील चित्रांचा आधार घेण्यांत आला.

रोलंडसन हा मूळचा विनोदी चित्रकार. लठ्ठ सरदार, धांदरट वकील, दारूच्या गुत्त्यांतील गर्दी, हे त्याचे नेहमीचे विषय. पण या संचांत त्यानें आपला विनोद आवरला आहे. सैनिक समोरासमोर उभे आहेत. एकाचा वार निघाला आहे, दुसऱ्यानें तो अडविला आहे. गुडघा किती वांकला, टांच कोठें टेकली, मनगट कसें वळलें, हें सर्व स्वच्छ दिसतें. याच जोडीनें एक मोठा एकपानी तक्ताही त्या वेळीं निघाला. त्यांत हायलंड तरवारीचे दहा पाठ दहा चौकटींत मांडले आहेत. शाळेंत भिंतीवर पाढ्यांचा तक्ता लावावा त्या धर्तीचीच ही योजना होय, आणि आम्हां शिक्षकांस तिचें मर्म लगेच कळतें. विद्यार्थी पुष्कळ, शिक्षक थोडे, आणि वेळ त्याहून थोडा, अशी स्थिति आली म्हणजे तक्ता जन्मास येतो.

इंग्लंडांत त्या वेळीं नेमकी तीच स्थिति होती. फ्रेंच सैन्य खाडी ओलांडून येणार, या भीतीनें व्यापारी, कारकून, पेढीवाले असे नाना प्रकारचे लोक स्वयंसेवक म्हणून पथकांत नांवें देत होते. अँजेलो हा लंडनच्या अशाच एका घोडदळाचा तालीममास्तर होता. शिवाय लष्करासही नुकताच एक धडा मिळाला होता. 1793 पासून फ्लँडर्समध्यें जी मोहीम चालली तींत जॉन गॅस्पर्ड ल मार्शां नांवाचा अधिकारी होता. इंग्रज स्वार तरवार फिरवितांना शत्रूपेक्षां स्वतःस आणि स्वतःच्या घोड्यासच जखमी करतात, हें त्यानें पाहिलें. ऑस्ट्रियन स्वारांची सफाई पाहून त्यास लाज वाटली असावी. त्यानें नवी वक्र तरवार सुचविली, तिच्या वापराचे नियम लिहिले, आणि 1796 च्या अखेरीस ते सरकारी पुस्तकरूपानें चित्रांसह बाहेर पडले. हा ल मार्शां पुढें 1812 सालीं स्पेनमध्यें सलामांका येथील लढाईंत घोडदळाच्या हल्ल्याच्या अग्रभागीं असतां पडला.

त्या पुस्तकाचें बीज एका आकृतींत सांठविलें आहे. एक वर्तुळ, त्यांत एकमेकींस छेदणाऱ्या रेषा, आणि त्या रेषांवरून जाणारे सहा वार. भिंतीवर हें वर्तुळ काढावें, शिपायास त्याच्यासमोर उभें करावें, आणि आंकडा पुकारतांच त्या रेषेनें हात गेला पाहिजे. ही युक्ति ल मार्शांची स्वतःची नव्हे. इटलींत 1536 सालीं छापलेल्या आकिले मारोत्सो याच्या ग्रंथांतही वारांच्या दिशा रेषांनीं दाखविल्या आहेत. माणूस कोणत्याही देशाचा असो, त्याला खांदा एका बाजूस एकच आणि कोपर एकच. तेव्हां वार जाण्याचे मार्गही मोजकेच असणार.

आमच्याकडील फरीगदक्याचे हात आठविले म्हणजे हें अधिक पटतें. शीर म्हणजे डोक्यावरचा, तमाचा म्हणजे गालाकडचा, बाहेरा म्हणजे त्याच्या उलट बाजूचा, कमर म्हणजे नांवाप्रमाणें कमरेचा. आणि जो वार प्रतिपक्ष्याच्या डाव्या खांद्यावरून तिरकस उजव्या कमरेकडे उतरतो त्याचें नांव जनेवा, म्हणजे जानव्याच्या रेषेनें जाणारा. ज्या रेषेस इंग्रज शिपाई आंकड्यानें ओळखे, तिला आमचा वस्ताद यज्ञोपवीतावरून नांव देई. मौंज झालेल्या मुलास ही रेषा वेगळी शिकवावयास नको. ती त्याच्या अंगावरच आंखलेली असते! आंकडा लौकर शिकवितां येतो, पण नांव दीर्घकाळ लक्षांत राहतें, असा आमचा शाळेंतील अनुभव आहे. म्हणून दोहोंपैकीं एकास श्रेष्ठ ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं.

आतां संस्कृत वाङ्मयाकडे वळूं. नांवांची संपत्ति तेथें विपुल आहे. महाभारताच्या द्रोणपर्वांत ढालतरवारीचे एकवीस मार्ग सांगितले आहेत. अग्निपुराणांत धनुर्वेदाचें प्रकरण आहे, त्यांत ही संख्या बत्तीसपर्यंत जाते. भ्रान्त, उद्भ्रान्त, आविद्ध, आप्लुत, सृत, संपात, श्येनपात, अशीं तीं नांवें. ऐकतांच कांहींतरी भिरभिरल्याचा भास होतो. श्येनपात म्हणजे ससाण्याची झडप, इतकें शब्दावरून कळतें. पण ती झडप घेतांना उजवा पाय पुढें कीं डावा, ढाल छातीशीं कीं डोक्यावर, तें कोण सांगणार? शब्द राहिला आणि त्याचा हात गेला. आम्हीं विद्यार्थ्यांकडून धातुरूपें पाठ करून घेण्यांत जन्म घालविला. पण या बत्तीस शब्दांपुढें आमचें सर्व व्याकरण हात टेकतें. येथें रोलंडसनचें एक साधें रेखाटन असतें तर दहा टीकांचें काम त्यानें केलें असतें.

एवढ्यावरून चित्र हेंच सर्वस्व, असा निष्कर्ष मात्र काढूं नये. कारण याच इंग्रजी पद्धतीची परीक्षा पुढें आमच्याच मुलखाच्या आसपास झाली, आणि तिचा निकाल मोठा विचार करण्यासारखा लागला.

आमचा बुलढाणा जिल्हा तरवारीस अपरिचित नाहीं. 1598 सालीं सिंदखेड येथें लखुजी जाधवरावांच्या घरीं जिजाबाईंचा जन्म झाला. 1724 सालीं साखरखेर्ड्याच्या रणांत निजामउल्मुल्कानें मुबारिझखानाचा पाडाव केला आणि दक्षिणेंत आपली स्वतंत्र सत्ता उभी केली. जिल्ह्याच्या सरहद्दीपलीकडे, भोकरदन तालुक्यांत, केळणा व जुई या नद्यांमधील असईच्या मैदानावर 23 सप्टेंबर 1803 रोजीं शिंदे-भोसल्यांची वेलस्लीशीं गांठ पडली. त्या दिवशीं इंग्रजांचा 19 वा रिसाला तरवारी उपसून धांवला आणि त्यांचा घोडदळाचा सेनानी मॅक्सवेल तेथेंच पडला. पुढें 29 नोव्हेंबरला अकोल्याकडील अडगांव आणि 15 डिसेंबरला गाविलगड, असा तो प्रसंग संपला.

यानंतर पन्नास वर्षांनीं, 1853 सालीं, दोन गोष्टी घडल्या. पहिली आमच्या घरची. निजामानें आपल्या मुलखांतील इंग्रजी अधिकाऱ्यांखालच्या फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. म्हणजे आमच्या शेतांचा सारा त्या फौजेच्या दाणावैरणीस जाऊं लागला. दुसरी गोष्ट लंडनची. कॅप्टन नोलन नांवाच्या, हिंदुस्थानांत नोकरी केलेल्या एका घोडेस्वार अधिकाऱ्यानें घोडदळाचा इतिहास व डावपेंच यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षीं बालाक्लाव्हाच्या त्या प्रख्यात आणि आत्मघातकी हल्ल्याचा हुकूम घेऊन जाणारा, आणि त्या हल्ल्यांत प्रथम पडणाऱ्यांपैकीं एक असलेला, तोच हा नोलन.

नोलनच्या ग्रंथांत निजामाच्या स्वारांची एक हकीकत आहे. या स्वारांची रोहिल्यांच्या मोठ्या टोळीशीं चकमक झाली. स्वार संख्येनें थोडे, तरी त्यांनीं टोळीचा धुव्वा उडविला. आणि जखमा पाहून शस्त्रवैद्य थक्क झाला. मुंडकीं व हातपाय एका घावासरशीं तुटलेले! या माणसांच्या हातीं कोणत्या अद्भुत तरवारी आहेत म्हणून नोलनने शोध केला, तों त्या विलायतीच निघाल्या. इंग्रज पलटणींनीं टाकाऊ म्हणून काढून टाकलेलीं जुनीं पातीं! स्वारांनीं त्यांस आपल्या पद्धतीच्या मुठी बसविल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लाविली होती, आणि लांकडी म्यानांत ठेविलीं होतीं. लढाईखेरीज तरवार म्यानाबाहेर काढावयाची नाहीं, असा त्यांचा दंडक. इंग्रज शिपायाची तरवार लोखंडी म्यानांत असे. कवाईतींत दहा वेळां काढतां घालतां तिची धार म्यानच खाऊन टाकी.

नोलनने एका म्हाताऱ्या स्वारास विचारलें कीं, असे अवयव तोडण्यासाठीं तुम्ही वार तरी कसा करतां? तो म्हणाला, जोरानें. नोलनने पुन्हां विचारलें कीं, तें खरें, पण ही रीत शिकवितां कशी? म्हातारा म्हणाला कीं, शिकवीत कांहींच नाहीं. धार असली म्हणजे तरवार कोणाच्याही हातीं कापते.

या उत्तरावर आम्हीं पुष्कळ विचार केला. पहिला अर्थ उघडच आहे. सहा रेषांचें वर्तुळ, चोवीस चित्रें, दहा चौकटी, या सर्वांत हात दिसतो, पाय दिसतो. धार दिसत नाहीं. ती निगा आहे. रोजची, कंटाळवाणी, एकट्यानें करावयाची. तिचें चित्र काढण्यासारखें कांहीं नसतें. ज्यानें पुस्तक पाठ केलें आणि म्यानाकडे दुर्लक्ष केलें, त्याचें तेंच पातें भंगारांत गेलें. आणि तें ज्यानें उचललें त्यानें पुस्तक न पाहतां काम केलें.

दुसरा अर्थ अधिक खोल आहे. आम्ही कांहींच शिकवीत नाहीं, हें त्या म्हाताऱ्याचें म्हणणें अक्षरशः खरें मानावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. लहानपणापासून घोड्याच्या पाठीवर बसलेला, बापाचुलत्यांस धार लावतांना पाहिलेला, तालमीच्या मातींत लोळलेला हा मनुष्य. त्याला शिकणें हें शिकणें म्हणून कधीं जाणवलेंच नाहीं. आपल्या घरच्या वृद्ध स्त्रियांस पुरणपोळीची रीत विचारा. त्या म्हणतील, यांत सांगण्यासारखें काय आहे, अंदाजानें करावयाचें! त्या अंदाजांत पन्नास वर्षांचा पाठ असतो. घरांत जें शिकविलें जातें तें शिकविलें असें कोणी म्हणत नाहीं; आणि म्हणूनच, घर मोडलें कीं तें प्रथम नाहींसें होतें, आणि नाहींसें झाल्याचें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

आमच्याकडे तसेंच झालें. 1878 हें साल या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला व इंग्रजी मुलखांत हत्यार बाळगण्यास परवाना लागूं लागला. त्याच वर्षीं पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानें चित्रशाळा निघाली, आणि शिळाप्रेसवर छापलेलीं देवादिकांचीं व ऐतिहासिक पुरुषांचीं रंगीत चित्रें महाराष्ट्राच्या घराघरांत गेलीं. खुंटीवरून तरवार उतरली आणि त्याच भिंतीवर तरवारधारी वीराचें चित्र चढलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. त्या चित्रांनीं मोठें कार्य केलें. निजलेल्या लोकांस त्यांनीं पूर्वजांची आठवण दिली. परंतु तीं वीराचीं चित्रें होतीं, विद्येचीं नव्हतीं. त्यांतील तरवार पूजेची. तिच्यावरून पवित्रा शिकतां येत नाहीं.

विद्येचीं चित्रें मराठींत यावयास पुढें अर्धशतकाहून अधिक काळ लागला. तें ऋण आपल्यावर बडोद्याचें आहे. दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनीं संपादिलेला व्यायाम ज्ञानकोश 1936 पासून 1949 पर्यंत दहा खंडांत प्रसिद्ध झाला. कुस्ती, मल्लखांब यांबरोबरच लाठी, फरीगदका, बोथाटी, पट्टा इत्यादि मर्दानी खेळांसही त्यांत सचित्र स्थान मिळालें. अँजेलोनें लंडनमध्यें केलें तेंच काम मुजुमदारांनीं मराठींत केलें, आणि ज्या वस्तादांच्या हातीं ही विद्या उरली होती, ते जिवंत असतां केलें, हा त्यांतील विशेष. आमच्या वऱ्हाडांत 1914 सालीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायामशाळा काढली. तींतूनच पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढलें, आणि 1936 च्या बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं त्या मंडळाच्या पथकानें देशी खेळ परदेशीयांस करून दाखविले. म्हणजे कागद आणि आखाडा या दोन्ही वाटा त्या पिढीनें एकदम चालू ठेविल्या होत्या.

दांडपट्ट्याच्या बाबतींत या दोन वाटांची गरज स्पष्ट दिसते. पट्ट्याची मूठ म्हणजे हात कोपराखालपर्यंत झांकणारा लोखंडी खोबळा. त्यामुळें मनगट वळत नाहीं; सारें काम खांदा, कंबर आणि पाय यांचें. पातें लांब, दुधारी व लवचिक. इंग्रजी चित्रांत जें मनगटाच्या कोनावर एवढें लक्ष दिलेलें आहे, तें येथें निरुपयोगी. येथें पाऊल चुकलें कीं पातें आपल्याच पोटरीवर येतें. अशी विद्या एका स्थिर चित्रांत कशी मावावी? चित्र पवित्रा दाखवील. एका पवित्र्यांतून दुसऱ्यांत जातांना अंग कसें तोलावें तें दाखविणार नाहीं. वेदपाठकांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. केवळ संहिता राखून स्वर राहत नाहीं, म्हणून त्यांनीं पद, क्रम, जटा, घन अशा पाठांची बांधणी केली. प्रत्येक शब्द मागच्यापुढच्याशीं उलटसुलट जोडून बसविला. वस्तादही हात सुटे शिकवीत नसे, क्रमानें शिकवी. क्रम हीच त्याची जटा आणि तोच त्याचा घन!

19 फेब्रुवारी 2024 रोजीं, शिवजयंतीच्या दिवशीं, दांडपट्टा हें महाराष्ट्राचें राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालें. आम्हांस त्याचा आनंद आहे. परंतु सन्मान झालेल्या वस्तूस कांचेच्या कपाटांत ठेवण्याची आपल्याकडे फार घाई असते. पट्टा कपाटांत राहील आणि त्याचे हात श्येनपाताच्या वाटेनें जातील, ही आमची भीति आहे. आज मुलांच्या हातीं हलतीं चित्रें घेण्याचें साधन आहे. रोलंडसनकडे तें नव्हतें, मुजुमदारांकडे नव्हतें. तें असूनही एखाद्या गांवचा शेवटचा वस्ताद कांहीं न सांगतां गेला, तर दोष साधनाचा नव्हे, आपला.

म्हणून वाचकांस आमची एक विनंति आहे. तुमच्या गांवांत, आजोळीं, किंवा ओळखीच्या घरीं असा कोणी वृद्ध असेल, तर पुढील खंडेनवमीच्या आधीं त्याच्याकडे मुलांस घेऊन जा. जातीपातीचा विचार दारांत ठेवा. ही विद्या सर्व जातींच्या तालमींतून वाढलेली आहे. प्रथम हातांचीं नांवें विचारा व जशीं उच्चारलीं तशींच लिहा, शुद्ध करण्याच्या भानगडींत पडूं नका. मग त्यांचा क्रम विचारा. धार कशी लावीत व म्यान कशाचें करीत, हेंही विचारा, कारण तो भाग कोणी आपण होऊन सांगत नाहीं. आणि शेवटीं चित्र घ्यावयाचें तेव्हां एवढें संभाळा. हल्लींच्या छायाचित्रांत मनुष्याचा चेहरा मोठा येतो आणि पाय चौकटीबाहेर राहतात. सव्वादोनशें वर्षांपूर्वींच्या त्या लंडनच्या चित्रांत एकाही सैनिकाचे पाय कापलेले आम्हांस आढळले नाहींत. चेहरा लहान आला तरी चालेल. पावलें दोन्ही दिसलीं पाहिजेत.